कुंभिवलीच्या भिंतीवरचे मोठे डोळे

माझा नातू टीव्हीसमोर बसून जपानी कार्टून बघतो आणि माझा मुलगा शेजारी बसून नाक मुरडतो. "ही काय चित्रं आहेत? बशीएवढे डोळे, नाक म्हणजे नुसता ठिपका, सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातली." मुलगा शिकलेला आहे, त्याला चार गोष्टी कळतात, पण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत माझ्या माहेरी, कुंभिवलीच्या चहाच्या टपरीवर हीच वाक्यं मी ऐकली आहेत. ती ज्याला ऐकवली जायची, तो सहदेव पेंटर मग दिवसभर डोक्यातून जात नाही.

सहदेव आमच्याच आळीतला. लग्नघराच्या भिंती रंगवायचा. तेव्हा लग्न ठरलं की घराला चुना लागायचा आणि दाराच्या दोन्ही बाजूंना चित्रं निघायची. भालदार-चोपदार, कळशी घेतलेल्या बायका, केळीचे खांब, आणि वर नवरा-नवरीची नावं. एरवी तो टेंपोवर नंबर घालायचा. अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास, आणि हट्टी तर विचारू नका.

हायवेलगत कारखाने उभे राहत होते. एकाची यंत्रं जपानहून लाकडी खोक्यांतून आली आणि रिकामी खोकी भंगारवाल्या अब्बासभाईंनी उचलली. यंत्र हलू नये म्हणून आत चुरगळलेले कागद कोंबले होते. त्यांच्यावर चित्रंच चित्रं, एकेका पानावर पाच-सहा चौकटी. सहदेवनं ते सगळे मागून आणले, गादीखाली दाबून सरळ केले आणि डावीकडून बघायला बसला. अक्षर तर कळत नव्हतंच, पण गोष्टही लागेना. आधी पाऊस पडायचा आणि मग ढग यायचे. शेवटी अब्बासभाईंची बायको झोहराभाभी म्हणाली, "उलटं धरलंस रं सहदेव. आमच्या कुराणावानी उजवीकडनं बघ."

मग गोष्ट लागली. एक पोरगी घर सोडून निघते, एवढीच. पण एका अख्ख्या पानावर फक्त तिचे डोळे होते. सहदेवनं ते पान माझ्या आईला दाखवलं. आईला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कुनाची रं ही? लई रडू दाबलंय पोरीनं."

त्या दिवसापासून सहदेवच्या भिंतीवरच्या बायकांचे डोळे मोठे झाले.

टपरीवर चित्रकलेचे एक मास्तर यायचे. त्यांनी सांगितलं, चेहऱ्यात डोळा केवढा असावा याला माप आहे. सहदेव म्हणाला, "आपल्या देवीचा नुसता शेंदराचा दगड हाय. त्याला रुप्याचे एवढाले डोळे बसवलेत. नाक नाय, तोंड नाय. तिचं माप कुनी काढलं?"

"देव तो देव आणि बाई ती बाई," मास्तर म्हणाले. टपरी हसली.

कुणी पोरखेळ म्हणालं, कुणी परक्याची नक्कल म्हणालं, कुणी म्हणालं, सगळ्या एकीसारख्या एक. मला विचाराल तर हळदीनं माखून मुंडावळ्या बांधल्या की खऱ्या नवऱ्या तरी कुठं वेगळ्या दिसतात? वेगळे दिसतात ते त्यांचे डोळे. पण मला तेव्हा कोण विचारणार? लोक खोपोलीहून दुसरा पेंटर आणायला लागले.

माझं लग्न ठरलं तेव्हा सहदेव आमच्या ओटीवर येऊन बसला आणि आईला म्हणाला, "धोंडूकाकी, जयाची भिंत मला द्या. ही पन गेली, तर ब्रश ठेवतो आनि कारखान्यात हमालीला लागतो." बा कुरकुरला. आई हो म्हणाली.

सहदेवनं यावेळी भालदार-चोपदार काढलेच नाहीत. त्यानं दारालगतच्या भिंतीवर तीन चौकटी आखल्या आणि त्या कागदांवरची रीत मनात बसली होती तशी उजवीकडून सुरुवात केली. उजव्या चौकटीत मी, आमच्या दारात, निघता निघता वळून बघणारी. डोळे भरलेले, पापणीवर थांबलेलं पाणी दिसेल एवढे मोठे. मधल्या चौकटीत रस्ता, धुरळा आणि टेंपोची पाठ. डावीकडे लांब दहिवलीचं, माझ्या सासरचं घर आणि त्याच्यापुढे बोटाएवढी मी. मला ते चित्र इतकं आवडलं की मी तिथून हलेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी दहिवलीची माणसं हळद घेऊन आली. नवऱ्याचे मामा गजाभाऊ भिंतीपुढे उभे राहिले आणि सगळी दुनिया बघते तसं डावीकडून बघू लागले. सासरचं घर, मग टेंपो, मग माहेरच्या दारात रडवेली उभी पोरगी.

"गोमाभाऊ, हे काय?" ते माझ्या बाला म्हणाले. "पोर नांदायला जायच्या आदीच परत आली का?"

सहदेव पुढे झाला. "मामा, उजवीकडनं बघा. उजवीकडनं सुरू होतं."

"लगीन आमचं, आनि चित्र कुटल्या मुलखाच्या रितीनं बघायचं?" मामा म्हणाले. "अपशकुन हाय हा. आनि डोळे तरी काय, बेडकीचे."

बाचा चेहरा उतरला. तो मागच्या पडवीत गेला आणि चुन्याची बादली घेऊन आला. सहदेव नखातला रंग खरवडत बाजूला झाला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण हळदीच्या पोरीनं बोलायची पद्धत नव्हती.

आई चुलीपाशी होती. ती हात पुसत आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मामा, एक सांगा. तुमच्या घरची सून सणाला माहेरी यायची नाय का?"

"येईल की. आमी का अडवून ठेवू?"

"मंग ही तीच. पोर जाताना आख्खं गाव बघतंय, येताना कोन बघतं? येतेय तर येऊ दे. आनि माझ्या पोरीच्या मनात काय हाय ते मला लांबनं दिसाया पायजे. त्याला एवढे डोळे लागतात."

दहिवलीच्या बायकांपैकी एकीनं पदर डोळ्यांना लावला. मग मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गोमाभाऊ, ठेवा ती बादली."

सहदेवनं ब्रश ठेवला नाही. पुढं किती तरी वर्षं खालापूरच्या गावांतून आया त्याच्याकडे यायच्या आणि सांगायच्या, "आमची पन येताना काढ." तो उजवीकडून काढायचा, त्या डावीकडून बघायच्या, आणि दोघंही खूश असायची. आता त्या भिंती नाहीत. काही हायवे रुंद करताना गेल्या, काहींवर टाइल बसल्या. सहदेवही गेला.

पण माझ्या पाठवणीचं सांगायचं राहिलं. टेंपो सुरू झाला तरी बा कुठं दिसेना. त्याच्या पाया पडायला मी माघारी फिरले, तर तो भिंतीपुढे उभा, माझ्याकडे पाठ करून. मी वाकले तरी त्यानं वळून बघितलं नाही. आदल्या दिवशी जिच्यावर चुना फासायला निघाला होता, त्या मोठ्या डोळ्यांच्या पोरीच्या गालावर त्यानं हात ठेवला होता.

"जया," तो तिला म्हणाला, "लवकर ये गं."