आंतोनमामाला मिळालेली टीप

आमच्या आंतोनमामाने एकदा वसईतल्या हॉटेलात धमाल उडवून दिली होती... वीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा कॉलेजात होते.

मामा क्रूझवर वेटर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मग सुट्टीत वसईजवळ निर्मळला घरी. त्या वेळी आल्या आल्या मामीची एकच मागणी होती... "हॉटेलात जाऊ. मी रांधणार नाही, तुम्ही वाढायचं नाही. दोघांनी बसून जेवायचं."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून निघालो. शेपूट म्हणून मीही!

सूप येईपर्यंत मामाच्या देशोदेशीच्या गोष्टी सुरू. अमेरिकन माणसाने टीप ठेवली नाही, तर वेटरला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. आणि जपानमध्ये मामाने टेबलावर पैसे ठेवले, तर वेट्रेस ते परत द्यायला रस्त्यावर धावत आली! दोघं कितीतरी वेळ एकमेकांना वाकून नमस्कारच करत राहिले...

सूप आलं, इतक्यात बारशाची एक भलीमोठी पार्टी आत शिरली. वाढायला एकटाच वेटर, घामाघूम. पोरं रडतायत, म्हातारे खोळंबलेत... इकडे मामा खुर्चीवरून अर्धा उठलेला.

"बसा," मामी म्हणाली. मामा बसला. पण लक्ष सगळं तिकडेच.

शेवटी मामीच हसली. "जा बाई, जा एकदाचे!"

मग काय... एका हातावर चार-चार प्लेटी, चेहऱ्यावर हसू, आजीबाईंना आधी, पोरांना लगेच. सगळं हॉटेल बघत राहिलं. निघताना त्या आजीबाईंनी मामाच्या हातात दहाची नोट कोंबली. "छान वाढतोस हो, बाळा." मामाने छातीवर हात ठेवून, वाकून ती घेतली.

तो परत आला तेव्हा सूप पार गार झालं होतं. मला वाटलं, आता मामी फाडून खाणार... तर तिच्या डोळ्यांत पाणी. "इतकी वर्षं लग्नाला झाली. तुम्ही काम करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं."

मामाने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

वेटरने न सांगता गरम सूप आणून ठेवलं. बिल देताना मामाने त्याला घसघशीत टीप देऊ केली, तर तो हात मागे घेत म्हणाला, "नाही साहेब... स्टाफकडून आम्ही टीप घेत नाही."

मामा असा काही खूश झाला म्हणून सांगू!

आपली माणसं दिवसभर बाहेर काय करतात, हे आपल्याला नुसतं ऐकून माहीत असतं. एकदा तरी ते डोळ्यांनी बघायला मिळावं... मामीच्या शेजारी बसून मला ते बघता आलं, हे माझं नशीब.