हातोडीवरच्या तीन खाचा

रेल्वेचे जुने ड्रायव्हर आबाजी, त्यांच्या हातात चहा दिला की ते आधी कपाला नखाने टिचकी मारत. आवाज खणखणीत आला तरच कप ओठाला लागायचा. बद्द आला, तर "तडा हाये वो याले" म्हणून कप परत. घरची बाई दुखावली तरी इलाज नव्हता. आमच्या सानगडी गावात तोंडावर त्यांना सगळे आबाजी म्हणत आणि पाठीमागे 'टिचकी'. हेही त्यांना ठाऊक होतं. संशय ते सगळ्यांचाच घेत, त्यामुळे त्यांच्यापासून फारसं काही लपून राहत नसे.

त्यांची हयात सातपुड्यातल्या छोट्या रेल्वेवर गेली. अरुंद रूळ, वळणं घेत घाट चढणारे चार डबे आणि पुढे धापा टाकणारं वाफेचं बुटकं इंजिन. लाइन मोठी झाली, इंजिनं गेली आणि आबाजी गावी परतले ते एक लांब दांड्याची हातोडी घेऊन. गाडी सुटण्याआधी ती चाकावर मारायची. चाक गायलं तर धड, मुकं राहिलं तर तडा. खरं तर हे काम दुसऱ्या माणसाचं. पण तो करून गेला तरी आबाजी पुन्हा खाली उतरत. "त्यानं पाह्यलं म्हंते. म्या पाह्यलं का?"

त्यांची दुसरी सवय खाचांची. छत्रीची मूठ, काठी, चपला, जेवायचं ताट, हातोडीचा दांडा, सगळ्यांवर तीन बारीक खाचा. एकदा सूनबाई वैतागून म्हणाल्या, "उद्या माह्या कपाळावर बी पाडान, मामाजी!"

"तू कुठी जाऊन राहिली? चपला जाते," आबाजी शांतपणे म्हणाले.

हे खूळ रेल्वेतलंच. ते सुट्टीवर गेले की त्यांचं इंजिन दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाई आणि तो चांगले भाग काढून आपल्या इंजिनाला लावील, अशी यांना धास्ती. म्हणून इंजिनातही खाचा. मी विचारलं, "कुठे पाडायचात?"

"वाफ सोडाचा दांडा रायते, त्याच्या खालून. दिसन तिथं पाडली तं ते खूण कायची?"

आमचं घर आबाजींच्या शेजारचं. वडील गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढत, त्यामुळे घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी लहानपणी गणितं सोडवली आणि मोठी होऊन स्वतः पत्रकं लिहू लागले. तळ्यातल्या अतिक्रमणावरचं पत्रक मी मोठ्या उमेदीने आबाजींना दाखवलं. त्यांनी कागदालाही टिचकी मारली. "याले आवाज नाही वो पोरी. म्हणून मले छापल्याचा भरोसा नाही."

गेल्या वर्षी भंडाऱ्यात एका बागेच्या समितीने ओट्यावर छोटं इंजिन बसवलं. पाटीवर आबाजींच्याच लाइनचं नाव होतं. मी सांगितलं, तर म्हणाले, "आमचे इंजिनं भंगारात गेले. हे कुठून आलं?" पण दुसऱ्या दिवशी धोतराच्या फडक्यात हातोडी गुंडाळून ते एसटीच्या थांब्यावर माझ्याआधी हजर.

बागेत इंजिन हिरव्यागार रंगात चकाकत होतं. चाकांभोवती झेंडूचे वाफे. आत चढायच्या पायरीला साखळी. आबाजींनी पुढच्या चाकावर हातोडी मारली. बद्द. दुसऱ्यावर मारली. बद्द. त्यांचा चेहरा उतरला. "मुकं हाये. हे लोखंडच नाही. खरं इकलं आन् इथं पुतळा मांडला."

मी पेटले. 'खरे इंजिन कुठे आहे?' हे पत्रक आठवड्याच्या आत भंडाऱ्याच्या बाजारापासून अड्याळच्या चहाटपऱ्यांपर्यंत पोचलं. समितीच्या अध्यक्षांना लोक रस्त्यात अडवून विचारू लागले. मला वाटलं, लढाई जिंकली.

आबाजींना तसं वाटत नव्हतं. "पुन्हा चाल भंडाऱ्याले," ते म्हणाले.

"आता काहून, आबाजी?"

"चाक म्या तपासलं. मले कोण तपासलं?"

या वेळी त्यांनी वाफ्यात हात घातला आणि झेंडूखालची माती उकरली. निम्मं चाक सिमेंटात गाडलेलं होतं. घंटा मुठीत आवळून वाजवावी, तसं त्यांनी ते वाजवलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी स्वतः साखळी काढली. "चढा आबाजी, चढा! इंजिन पुठ्ठ्याचं असेल, जरा जपून."

आबाजी चढले. वाफेच्या दांड्याखाली हात घालून नखाने रंग खरवडू लागले. मग हात थांबला. बोटाखाली तीन खाचा होत्या.

"खूण माहीच हाये," ते म्हणाले. अध्यक्षांकडे वळून त्यांनी हात जोडले. "साहेब, तुमी नाही इकलं. म्या खोटं बोललो."

परतीच्या बसमध्ये मी भांडले. ही समिती काही साधूसंतांची नव्हती. माघार घेतली तर पुढे आमचं कोण ऐकणार?

"ते चोर असन तं त्याचं येगळं चाक ठोक," आबाजी म्हणाले. "हे चोरी त्यानं नाही केली. छाप तसं."

मी दुसरं पत्रक काढलं. त्यांच्या सांगण्यावरून चुकीच्या कबुलीखाली पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. ते वाटायला आबाजी स्वतः बाजारात उभे राहिले. लोक हसत होते. "काय आबाजी, टिचकी फसली का?"

"फसली. पयला कागद घेतला होता ना? मंग हा बी घ्या."

या उन्हाळ्यात आबाजी गेले. तेराव्यानंतर सूनबाईंनी मला बोलावून हातोडी हातात ठेवली. दांड्यावरच्या तीन खाचा आता नव्हत्या. "मामाजीनं काचेनं घासल्या वो. हातात जोर नव्हता, तरी रोज घासत बसत. म्हणे, हे पोरीले द्यायची हाये."

त्यांच्या घरातून खूण पुसून बाहेर पडलेली ती एकच वस्तू. मी दांडा उजेडात धरून पाहिला. मग त्यांनीच शिकवल्याप्रमाणे तो उलटा केला आणि खालून बोट फिरवलं.

तिथेही खाच नव्हती.