लंगोटांची दोरी

पडेगावात ज्या घरी पाळणा हलायचा, त्या घरी सकाळी चंपाबाईची वाट पाहिली जायची. पाय लांब करून ती पाटावर बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, अंग चोळायची आणि सगळ्यात शेवटी टाळू भरायची. कोमट तेल थेंब थेंब सोडायचं, दोन बोटांनी हलकेच जिरवायचं. तेवढा वेळ ती कुणाशी बोलत नसे. बायका थट्टा करायच्या, चंपामावशीचं तोंड बंद करायचं असेल तर तिच्या पायांवर पोर टाका. तीही हसायची. पण बोटांखाली जी धुगधुगी लागायची, तिच्याशी तिचं आतल्या आत काहीतरी चाललेलं असायचं.

या एप्रिलमध्ये तिच्या पायांवर तिचा स्वतःचा नातू होता. लेक अमृता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर चार महिन्यांचं झालं तरी उन्हामुळं तिचं सिल्लोडला परत जाणं लांबत होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. घरात ड्रम भरून ठेवलेले. पत्र्याखाली निजलेल्या पोराचे ओठ सुकलेले दिसले की चंपाबाईला राहवत नसे. दुधानं भूक भागते, तहान कशी भागेल, असं म्हणत ती ड्रममधलं पाणी गाळून त्याला चमच्यानं पाजायची. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, असं गल्लीतली आशा सेविका मेघा सांगून गेली होती. चंपाबाईनं ऐकून घेतलं, आणि ती गेल्यावर म्हणाली, मेघाला काय, तिच्या घराला स्लॅब आहे.

मग एका सकाळी पोराला पाण्यासारखी शी झाली. दुपारपर्यंत होतच राहिली. चंपाबाईनं घरोघरी जे सांगितलं होतं तेच लेकीला सांगितलं: अंगावर घेऊ नको, पोटाला आराम पडू दे. अमृताची छाती दुधानं ताठली, ब्लाऊज भिजला. पोर तिच्याकडं तोंड वळवून रडायचं आणि ती आईकडं बघायची.

दुसऱ्या दिवशी शी थांबली. रडणंही थांबलं. घर शांत झालं तेव्हा चंपाबाईला वाटलं, उपाय लागू पडला. आंघोळ नको, नुसती टाळू भरू, म्हणून तिनं पोराला पायांवर घेतलं. बोट टेकवलं तर ते खाली गेलं.

टाळू बसली होती. बसलेली टाळू तेलानं वर येते, हे तिला सासूनं शिकवलेलं. तिनं तेल सोडलं. ते खळग्यात साचलं आणि तिथंच धुगधुगीबरोबर थरथरत राहिलं.

चंपाबाईनं मान वर केली. समोर अंगणात लंगोटांची दोरी होती. पोर घरात आल्यापासून ती कधी मोकळी नव्हती. शेजारची वच्छलाबाई कुरकुरायची, तुझा नातू आमच्या लुगड्याला ऊन मिळू देत नाय. आज दोरीवर दोन लंगोट होते, तेही काल संध्याकाळचे, वाळून कडक झालेले. सकाळपासून धुवायला काही निघालंच नव्हतं.

"अमृता," ती म्हणाली, "हे मुतलं कधी गं?"

अमृता दारात थांबली. "आज नाय," ती म्हणाली. मग दोरीकडं बघून, "रात्री बी नाय, माय."

"घे. अंगावर घे आधी."

अमृतानं घेतलं. दूध आपसूक ओघळत होतं, पण पोराचे ओठ ते ओढत नव्हते. डोळे अर्धवट मिटलेले. आवाज ऐकून आलेली वच्छलाबाई पळत जाऊन मेघाला घेऊन आली. मेघानं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू सपाट झाली. पिशवीतून ओआरएसची पुडी काढून पाण्यात कालवता कालवता मेघा म्हणाली, "अंगातलं पाणी आटलंय. हे वाटेत चमच्यानं देऊ. घरी थांबायचं नाय, मावशी."

रिक्षा दौलताबादच्या रस्त्याला लागली. मेघा थेंब थेंब पाजत होती, निम्मं गालावरून ओघळत होतं. चंपाबाई पदरानं ते टिपत राहिली. पोराकडं बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं कापसानं डोक्यावरचं तेल पुसून काढलं. डॉक्टरीणबाईंनी काय काय दिलं ते विचारलं, तेव्हा अमृता खाली बघू लागली.

"पाणी मी पाजलं," चंपाबाई म्हणाली. "अंगावरचं बी मीच तोडलं."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि सिस्टरबरोबर सुई लावायला घेतली. एवढ्याशा हातात शीर शोधायला दोघींना वेळ लागला. तो वेळ चंपाबाईनं भिंतीकडं तोंड करून काढला. सलाईन सुरू झालं. चोखायला लागला की लगेच अंगावर घ्या, सिस्टर म्हणाली, आणि लघवी झाली की मला सांगा. त्याचीच वाट बघतोय.

ऊन खिडकीवरून सरकलं. पोरानं एकदा दूध ओढलं, दमलं, पुन्हा ओढलं. अमृतानं पाठ टेकावी म्हणून चंपाबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि लंगोटाखाली तळवा ठेवला. कोरडा. जरा वेळानं पुन्हा चाचपला. कोरडाच. शेजारच्या खाटेवरची बाई कुठलं गाव म्हणून विचारत होती. चंपाबाईचं लक्ष तळव्यात होतं.

मग तळव्याला ऊब लागली. आधी तिला वाटलं, आपल्याच हाताला घाम आला. पण ऊब पसरत गेली, बोटांमधून लुगड्यात उतरली, मांडीला लागली.

अमृता कोरडा लंगोट घेऊन उठली. "दे माय, बदलते."

"राहू दे जरा," चंपाबाई म्हणाली. "आधी सिस्टरला सांगून ये."