फेब्रुवारीत न दिसलेली गिधाडं

डॉक्टर सुनेत्रा देवधर चिडल्या की गप्प बसतात. माझं तोंड सुटतं. म्हणून हे मीच लिहितेय.

बाई आयुष्यभर टोरांटोत पॅथॉलॉजिस्ट होत्या. रिटायर झाल्यावर त्या टोरांटोला लागूनच्या वॉन शहराच्या टोकाला, गोदामांच्या रांगांमागे उरलेल्या एका पडीक शेताशी गाडी लावून दुर्बीण घेऊन बसायच्या. तिथल्या मोडक्या लाकडी कोठारात गिधाडांची एक जोडी दर उन्हाळ्यात पिल्लं वाढवायची. काळी, लाल डोक्याची. ऊन तापेपर्यंत छपरावर पंख पसरून बसायची. "आपल्याकडची गिधाडं गुरांच्या औषधाने मेली," बाई म्हणायच्या. "ही तरी राहू देत."

मग शेत विकलं गेलं. तिथेही गोदामंच होणार होती, आणि त्यातले गाळे आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी आधीच बुक केले. बांधकामाच्या परवानगीआधी पक्ष्यांची पाहणी लागते, तिला बिल्डरने नेमला तोही आमचाच, उन्मेष. मंडळात काय त्याचं कौतुक! हा दिवटा पाहणीला गेला भर फेब्रुवारीत, बर्फात. तेव्हा इथली गिधाडं दक्षिणेला गेलेली असतात, मार्चअखेर परततात. याने रिपोर्टात लिहिलं, गिधाडं आढळली नाहीत.

बाईंनी त्याला फोन केला. "उन्मेष, एप्रिलमध्ये परत जा. मी येते दाखवायला."

"आय नो, काकू. पण क्लायंटला आत्ता अप्रूव्हल हवंय. मी बघितलं तेच लिहिलंय. टेक्निकली करेक्ट आहे."

टेक्निकली! म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई परवानगीच्या सुनावणीत जाऊन बोलल्या. तिथले अधिकारी त्यांना हसून थँक यू म्हणाले आणि गिधाडं परतायच्या आत बिल्डरने कोठार पाडलं.

मे महिन्यात त्याच जागेवर भूमिपूजन झालं. बाई येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. भटजींनी नारळ फोडला आणि वर दोन मोठे पक्षी घिरट्या घालू लागले.

"गरुड! विष्णूचं वाहन!" कुणीतरी ओरडलं. "काय शुभशकुन आहे!" सगळ्यांनी हात जोडले.

उन्मेषच्या लेकीने, केयाने विचारलं, "डॅडी, आर दोज ईगल्स?"

"येस, बेटा," उन्मेष म्हणाला. वर न बघता.

"गिधाडं आहेत ती, केया," बाई मोठ्याने म्हणाल्या. "इथे त्यांचं घर होतं, ते शोधतायत. तुझ्या बाबांना माहितीये."

जोडलेले हात झटकन खाली आले.

"भटजी, आता शांत करावी लागेल का हो?" एकाने घाबरून विचारलं. घराचं कुणी काही विचारलं नाही.