तीस सेकंद गप्प

सिंधु मॅडमच्या वर्गात गप्प बसायला बंदी होती. लातूरच्या इतर क्लासमध्ये पोरं बोलली की सर टेबलावर डस्टर आपटायचे. आमच्या मॅडम पोरं शांत झाली की आपटायच्या. "चुकीचं बोला, पण बोला. मुकं बसलेलं माणूस सापडत न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही मागच्या बाकावर हसायचो. २००८ साल होतं. मी नांदेडहून डॉक्टर व्हायला आले होते, मेसचं पातळ वरण आणि रविवारची टेस्ट एवढंच माझं जग होतं. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

मॅडम किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांच्या. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं आणि पहाटे दगडमातीची घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. आई तिच्या शेजारीच दगावली. वडील शेतावर होते म्हणून वाचले. सिंधु एका तुळईखाली अडकली, हात हलवायला जागा नाही, ओठांवर माती. शाळेत तीसपर्यंतचे पाढे पाठ करायचे होते आणि तिचा एकोणतीसचा कच्चा होता. तिनं तोच धरला, मोठ्यानं. अडली की पुन्हा पहिल्यापासून. असं दुपारपर्यंत.

औशाचे फारूक गवंडी ट्रकमध्ये बसून मदतीला आले होते. त्या ढिगाऱ्यावरून ते दोनदा पुढे गेले. तिसऱ्या वेळी खालून "एकोणतीस साते" ऐकू आलं. पहारीनं दगड सरकवले तर आधी एक पाय दिसला. बाकीची माणसं दगड काढत राहिली आणि फारूकचाचा तो पाय हातात धरून तासभर एकच सांगत राहिले, "बोल बेटी, थांबू नको, बोलत राहा."

तेव्हापासून दर ईदला मॅडम औशाला आणि दर दिवाळीला चाचा लातूरला. स्लॅबच्या घरांच्या रांगेत मॅडमचं एकटीचं घर पत्र्याचं. पगार चांगला, पण स्लॅब नको. वर्गातसुद्धा त्यांचं टेबल दाराला चिकटून असायचं. आम्हाला वाटायचं, लवकर घरी पळता यावं म्हणून.

मेंदूतला रक्तपुरवठा त्यांनी आम्हाला पंगतीवरून शिकवला होता. "ज्या पेशी कामाला लागतात तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. पंगतीत जो जोरात जेवतो त्याच्याकडं वाढपी धावतो, तसं. पण लगेच न्हाई, चार-सहा सेकंदांनी. आणि आपल्याकडचा वाढपी कसा, लागतं त्यापेक्षा लई जास्त वाढणार! स्कॅनच्या मशीनला जेवणारा दिसत न्हाई. त्याला ताटात पडलेलं जास्तीचं दिसतं." त्या दिवशी त्यांनी मला उभं करून विचारलं, आधी काम की आधी रक्त? मी मुकी उभी राहिले. डस्टर आपटलं.

दोनदा परीक्षा देऊनही मला मेडिकलची सीट मिळाली नाही. मी घरी रडत बसले, तर मॅडम बसनं नांदेडला आल्या आणि रेडिओलॉजी टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "डॉक्टर न्हाई झालीस तर डॉक्टरला दिसत न्हाई ते दाखव," म्हणाल्या. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही. मला रागच आला होता. फॉर्म मात्र भरला.

२०१८ मध्ये त्या माझ्यासमोर आल्या त्या पेशंट म्हणून. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या स्कॅन सेंटरात मी एमआरआय मशीनवर होते. शिकवता शिकवता त्यांना 'हृदय' हा शब्द आठवेनासा झाला होता, मग दोनदा तोंड वाकडं झालं. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली, बोलण्याच्या जागेच्या आसपास. हैदराबादच्या सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं की बोलण्याची जागा नेमकी कुठं आहे ते कळलं नाही तर मी हात आखडता घेईन आणि गाठ मागे राहील. धीट होऊन काढली तर बोलणं जाईल. मंगळवारचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी आम्हाला त्या जागेचा नकाशा काढून द्यायचा होता.

"बोलणं गेलं तर मी काय करू गं, नाझनीन? मला दुसरं काय येतं?" असं त्या एकदाच म्हणाल्या आणि चप्पल काढून आत गेल्या.

काम साधं होतं. पडद्यावर तीस सेकंद एक अक्षर दिसणार, त्यावरून सुरू होणारे शब्द मनात आठवायचे, ओठ हलवायचे नाहीत. मग तीस सेकंद नुसती फुली, तेव्हा काहीच करायचं नाही. असं आलटून पालटून. कामाच्या वेळचं रक्त आणि आरामाच्या वेळचं रक्त यांतला फरक म्हणजे नकाशा.

पहिल्यांदा चेहऱ्यावर जाळी बसवून मी त्यांना बोगद्यात सरकवलं. मशीन धडधडायला लागलं आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हातातला इशाऱ्याचा रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तर अंगावरचा गाऊन घामानं चिंब. मी म्हटलं, आज राहू द्या. "पुन्हा घाल," त्या म्हणाल्या.

पुन्हा घातलं. या वेळी पंधरा मिनिटं त्या इतक्या स्थिर राहिल्या की मी खूश झाले. मग कॉम्प्युटरनं नकाशा दाखवला, तर सगळा कोरा. मी मशीन तपासलं, आकडे तपासले, स्वतःला दोन शिव्या घातल्या. शेवटी त्यांनाच विचारलं, "मॅडम, फुली असताना तुम्ही काय करत होतात?"

"पाढा म्हणत होते. एकोणतीसचा. न्हाईतर तिथं पडले असते व्हय मी पंधरा मिनिटं?"

मी समजावायला तोंड उघडलं, पण त्या माझ्याआधी समजल्या. "म्हणजे पंगत उठलीच न्हाई. वाढपी सारखा तिथंच."

"हो. फुलीच्या वेळी मनातसुद्धा गप्प राहायला लागेल."

त्यांचा चेहरा उतरला. मी मॅडमना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. "गप्प झाले की ते लोक पुढं जातात," त्या म्हणाल्या.

"कोण लोक?" मी मूर्खासारखं विचारलं. तेव्हा त्यांनी मला तुळईची, पाढ्याची, चाचांची सगळी हकीकत सांगितली. डस्टर का आपटायचं तेही त्या दिवशी कळलं.

तो बुधवार होता. मशीनचा आवाज मोबाइलवर घेऊन त्या लातूरला गेल्या आणि रोज लोखंडी खाटेखाली आडव्या पडून गप्प राहायचा सराव करू लागल्या. रोज फोन यायचा आणि त्यात एकच आकडा असायचा. गुरुवारी चार सेकंद, शुक्रवारी सात, शनिवारी अकरा. अकरा पुरणार नव्हते. आलेलं जास्तीचं रक्त ओसरायलाही वेळ लागतो. मी तसं सांगितलं. गोड खोटं बोलले असते तर त्यांनी मला सोडलं नसतं.

रविवारी फोन आला. "अकराच. पुढं जीभ आपोआप सुरू होते. उद्या चाचांना घेऊन येते. पाय धरला तर चालतो का? बघून ठेव."

मी आमच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं. स्पर्शाचं काम मेंदूत वेगळ्या जागी चालतं, आणि पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच धरला तर तो फरकात येणार नाही. चालणार होतं.

सोमवारी चाचा आले. सत्तरीचे, पाठ वाकलेली, पण पंजे अजून पहारीला शोभणारे. मशीनमध्ये मोठा लोहचुंबक असतो, म्हणून खिशातलं सगळं बाहेर काढलं. बोटातली अंगठी वर्षानुवर्षं निघाली नव्हती, ती साबण लावून ओढली तेव्हा कातडं सोललं. 

"मी काय बोलू तिला?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, चाचा. तुम्ही बोललात तर त्यांचा मेंदू ऐकायला लागेल. फक्त पाय धरा."

मॅडम टेबलावर आडव्या झाल्या. चाचा त्यांच्या कानाशी वाकले. "बेटी, तवा मीच म्हटलो होतो बोलत राहा म्हणून. आता मीच म्हणतो, गप राहा. मी पुढं न्हाई जात."

मग त्यांनी कानात बोळे घातले आणि तळपाय दोन्ही हातांत धरला.

काचेपलीकडून मला फक्त चाचांची पाठ आणि मॅडमच्या पायाची बोटं दिसत होती. पहिली फुली आली. दहा सेकंद. अकरा. बाराव्याला पायाची बोटं आवळली गेली. मी मनात म्हणत होते, म्हणू नका मॅडम, पाढा म्हणू नका. चाचा हलले नाहीत. हळूहळू बोटं सैल पडली. अक्षर आलं, पुन्हा फुली आली, पुन्हा अक्षर. फुगा एकदाही दाबला गेला नाही.

नकाशा उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. डाव्या बाजूला, गाठीपासून बोटभर मागे, स्वच्छ ठिपका. आधी काम, मग रक्त, हे मी काचेकडे बघून मोठ्यानं बोलले. उत्तर द्यायला दहा वर्षं उशीर झाला होता, पण दिलं.

मंगळवारी सर्जननं त्या बोटभर अंतरावर भरवसा ठेवला, आत गेल्यावर पुन्हा पडताळलं आणि गाठ काढली. गुरुवारी मी हैदराबादला पोचले. मॅडमच्या डोक्याला पट्टी, चाचा पायाशी स्टुलावर. सर्जननं विचारलं, "तुमचं नाव सांगा."

मॅडम गप्प.

"मॅडम, नाव?" काहीच नाही.  चाचांनी घाईघाईनं पायाकडे हात नेला, तर मॅडमनी पाय मागे ओढून घेतला. डोळे मात्र समोरच्या भिंतीवर. सर्जन माझ्याकडे बघू लागला. माझ्या डोळ्यांसमोर वर्गातला फळा आला, आणि आता त्यावर लिहून दाखवणारी आणि काहीच न बोलणारी आमची मॅडम.

"तीस," मॅडम म्हणाल्या. आवाज घोगरा, पण शब्द अख्खा.

भिंतीवर घड्याळ होतं. त्या सेकंदकाटा बघत होत्या.

"तीस सेकंद झाले. पाय न धरता. सिंधु नाव हाय माझं, डॉक्टर."

चाचा रुमालात तोंड खुपसून रडायला लागले. मला इतका संताप आला की दवाखाना आहे हे विसरून मी मॅडमवर ओरडले. आमचा जीव गेला असता, असली थट्टा कुणी करतं का, काय वाट्टेल ते बोलले. त्या उशीवर डोकं टेकून शांत ऐकत होत्या, आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.