शिओच्या मफलरचा रंग

तोमिए नेमोतो कामात एकदाच चुकली. मी हे कौतुकानं सांगत नाहीये. आम्हा बाकीच्यांसारखी ती रोज थोडी थोडी चुकत राहिली असती, तर त्या एका चुकीनं तिची अशी दशा झाली नसती. मी, कुनी, तिच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसले. माझ्या हातून एकदा खलनायकाचे दात कातडीच्या रंगात गेले आणि तो बिचारा बोळक्या तोंडानं जगाला धमकावत राहिला. मी चार दिवस हसले आणि विसरले. तोमिएला विसरणं कधी जमलंच नाही.

आमचा स्टुडिओ टोकियोच्या नेरिमा भागात, मुळ्याच्या शेताला लागून होता. काम एकच. कार्टूनमधलं प्रत्येक चित्र पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून यायचं आणि आम्ही एकवीस बायका पांढरे हातमोजे घालून त्याच्या मागच्या बाजूनं रंग भरायचो. आमच्यात रंगांना नावं नसत, नंबर असत. ‘निळा द्या’ म्हणणारी बाई कालच लागलेली आहे, हे लगेच कळायचं.

चौऱ्याहत्तर साली ओगिसो सेन्सेईंची, म्हणजे ओगिसो गुरुजींची, चित्रकथा टीव्हीवर आणायचं ठरलं. समुद्र आटलाय, माणसं दुसऱ्या ग्रहावर निघून गेलीत आणि दीपगृह सांभाळायला शिओ नावाची एक यंत्रमुलगी एकटीच मागे राहिलीय, अशी ती गोष्ट. शिओच्या गळ्यात कायम एक मफलर. पण मासिक छापायचं काळं-पांढरं, त्यामुळे मफलरला नुसते ठिपके. रंग ठरवणाऱ्या बाई तापानं घरी, वरून घाई. तोमिएनं सेन्सेईंना फोन लावला.

“सेन्सेई, मफलर कोणता?”

“आओ.”

“बरं.” आणि ठेवला फोन.

आओ म्हणजे निळा. आणि आओ म्हणजे हिरवासुद्धा. सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही आओच म्हणतो. झाडाचा पाला आओ, कच्चं सफरचंद आओ, आभाळही आओ. एरवी घोळ होत नाही, कारण वस्तू डोळ्यांसमोर असते. फोनमध्ये कुठली वस्तू? तोमिए चोशीच्या कोळ्याची मुलगी, तिच्या लेखी आओ म्हणजे समुद्र. सेन्सेई किसोच्या डोंगरातले. तोमिएनं एकतीस नंबरची बाटली उघडली. तो निळा होता.

सातव्या आठवड्यात सेन्सेई स्वतः आले, हातात चेस्टनटच्या मिठाईचा डबा. त्यांच्या घरचा टीव्ही अजून काळा-पांढराच होता. स्टेशनसमोरच्या विजेच्या दुकानात त्यांनी आपली शिओ पहिल्यांदा रंगीत पाहिली होती.

“फोनवर कोण होतं?” त्यांनी विचारलं.

तोमिए उभी राहिली. “मी. चुकलंच माझं.”

“छे छे. पाल्याचा आओ म्हणायला हवं होतं मी.” ते डबा हातात धरून उभेच होते. “फुमी म्हणून धाकटी बहीण होती माझी. सहा वर्षांची. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात गेली. आईनं आजोबांचा स्वेटर उसवून तिला मफलर विणला होता. तो तिच्याबरोबरच जाळला. फोटोही नाही तिचा एक. म्हटलं, निदान शिओच्या गळ्यात तरी...”

आमचे दिग्दर्शक मध्येच बोलले, “सेन्सेई, सात भाग निळा आणि आठव्यात हिरवा? पोरं पत्रं पाठवून जीव खातील आमचा. दुकानात मफलर विकायलाही आलेत.”

“राहू द्या,” सेन्सेई म्हणाले. “छान दिसतोय.” ते कमरेत वाकले आणि गेले. तोमिए जिन्यात बसून रडली. मी म्हटलं, “अगं, मफलर तो मफलर! माणूस नाही मेलं.” हे मी बोलले आणि मग माझंच मला कळलं की काय बोलले ते.

पुढे तर कहरच झाला. चित्रकथेचा शेवट असा होता: शिओ मफलर वाळूत पुरते आणि तिथून एक कोंब वर येतो. मफलरचे ठिपके आणि कोंबाचे ठिपके अगदी एकसारखे. पण निळ्या मफलरमधून हिरवा कोंब कसा यायचा? म्हणून टीव्हीवर कोंबाच्या जागी समुद्रच परत आणला. निळंशार पाणी, त्यात तरंगणारा निळा मफलर. देशभर लोक ढसाढसा रडले. नऊ वर्षांनी सिनेमा काढला, तेव्हा तोमिए दिग्दर्शकांकडे गेली हात जोडून, आता तरी हिरवा करा म्हणून. ते म्हणाले, “वेड लागलंय का, नेमोतोसान? तो निळा म्हणजे तुमची कमाई!” चाहते वह्या घेऊन तिच्या सहीसाठी रांग लावायचे. ती सही करायची आणि घरी जाऊन जेवायची नाही.

दर नववर्षाला ती सेन्सेईंना कार्ड पाठवायची. कोपऱ्यात एक हिरवं पान काढलेलं, बाकी शब्द नाही. त्यांचं उत्तर यायचं, “थंडी फार आहे, जपा.” अडतीस वर्षं असं चाललं. तोवर रंगाच्या बाटल्या इतिहासजमा झाल्या आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो.

मग शिओ तिसऱ्यांदा येणार अशी बातमी आली, या वेळी सगळी कॉम्प्युटरवर. तिथली रंगप्रमुख मोचिदा, चाळिशीची मनमिळाऊ बाई, तोमिएला भेटायला आली. तोमिएनं तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आता काय, एक बटण दाबलं की रंग बदलतो. पण निर्माते माझं ऐकायचे नाहीत. सेन्सेईंनी दोन शब्द लिहून दिले, तर त्यांना ऐकावंच लागेल.”

तोमिएचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. तिनं कुठूनशी हिरव्या रंगाची एक जुनी बाटली मिळवली, सुकलेला रंग पाण्यात कालवला आणि शिओचं एक चित्र रंगवलं. रेघेबाहेर एक थेंब गेला नाही. ते चित्र घेऊन आम्ही दोघी किसोला गेलो, सेन्सेईंच्या वृद्धाश्रमात.

सेन्सेई खिडकीशी चहा घेत होते. त्यांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं.

“सुरेख काम आहे,” ते म्हणाले. “पण रंग चुकलाय हो, बाई.”

“सेन्सेई, फुमीचा मफलर...” तोमिए म्हणाली.

“हो हो, फुमीचाच. समुद्राचा आओ होता तो.” ते हसले. “मला अजून स्वच्छ दिसतं. मफलर गुंडाळून समुद्राकडे बघत उभी असायची पोरगी.”

किसोला समुद्र नाही. त्या मुलीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी तोमिएकडे बघितलंच नाही, माझी छातीच झाली नाही.

“हो, सेन्सेई,” ती म्हणाली. “चुकलंच माझं.”

तिनं कागद काढलाच नसता. मीच पुढे सरकवला. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘शिओचा मफलर आओ. ओगिसो.’

परतीच्या गाडीत कागद तिच्या मांडीवर होता. मी म्हटलं, “आओच लिहिलंय ना? दे हाच. पाल्याचा म्हणून सांग.”

“पण ते समुद्राचा म्हणाले, कुनी.”

“ते नाही म्हणाले, तू म्हणालीस! अडतीस वर्षांपूर्वी. टीव्हीवर बघून बघून त्यांनी फक्त तुझंच तुला ऐकवलं.” मी भांडल्यासारखी बोलत होते. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी मोचिदा आली. तिनं दोन्ही हातांनी कागद घेतला, वाचला आणि तिचे डोळे भरून आले. “आओ! चला, म्हणजे काहीच बदलायला नको.”

तोमिएनं सगळा धीर गोळा केला. “पाल्याचा आओ आहे तो. हिरवा.”

मोचिदानं तिचा हात हातात घेतला. खरोखर प्रेमानं घेतला. “नेमोतोसान, इतकी वर्षं किती मनाला लावून घेतलंत हो! पण आता तर सेन्सेईंनीच लिहून दिलंय. शिओचा आओ म्हणजे तुमचा एकतीस नंबर. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.”

तोमिएनं मान डोलावली आणि चहा आणायला उठली. ते हिरवं चित्र तिनं मला देऊन टाकलं, ते माझ्या कपाटात आहे. फुमीचा मफलर हिरवा होता असं मानणाऱ्या आता जगात आम्ही दोघीच आहोत, आणि आम्ही दोघींनीही तो कधी पाहिलेला नाही.