स्टेशनच्या बाहेर गाव नव्हतं

मुलीने सांगितलं होतं, आदल्या संध्याकाळच्या गाडीने या, मी स्टेशनवर घ्यायला येते. मी म्हटलं, "समारंभाच्या आदल्या दिवशी तू कशाला धावपळ करतेस? मी सकाळच्या गाडीने येतो. आठ पस्तीसला पोचते ती. तुमच्या सभागृहाचे दरवाजे बंद होणार पावणेदहाला. सत्तर मिनिटं आहेत."

"बाबा, स्टेशन लांब आहे."

"कशापासून लांब?"

तिला ती चेष्टा वाटली. मी चेष्टा करत नव्हतो. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढलेल्या माणसाला 'स्टेशन लांब आहे' हे वाक्यच नीट समजत नाही. घर लांब असतं, शाळा लांब असते, एमआयडीसी लांब असते. स्टेशन असतं तिथेच असतं आणि बाकीचं सगळं त्याच्यापासून मोजायचं. पुलाच्या पायऱ्या उतरलं की दाताचा डॉक्टर, वाचनालय, पोळीभाजी केंद्र आणि मंगल कार्यालय, सगळं हाताच्या अंतरावर. पत्ता विचारणाराही आधी एवढंच विचारतो, पूर्व की पश्चिम.

तर चीनमधल्या एका मोठ्या शहरात माझ्या मुलीला डॉक्टरेट मिळणार होती. विषय बॅटरीचं रसायन. मी स्वतः तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे विषय निम्मा कळतो. पदवीदान समारंभांचं मात्र मला फारसं कौतुक नाही. इतकी वर्षं डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा झगा घालून मी व्यासपीठाच्या मागच्या रांगेत बसलो आणि प्रमुख पाहुण्यांकडून ऐकलं की आजचा विद्यार्थी हा उद्याचा नागरिक आहे. माझ्या स्वतःच्या पदवीदानाला मी गेलो नव्हतो. प्रमाणपत्र टपालाने आलं. मुलीला हे सगळं ठाऊक. म्हणून ती म्हणाली होती, "तुम्ही नाही आलात तरी चालेल." या वाक्याचा अर्थ ज्याला कळत नाही त्याने मुलगी वाढवलेली नाही. मी त्याच दिवशी व्हिसाचा अर्ज भरला. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला येणं शक्य नव्हतं. तिने दोनच सूचना दिल्या. तिथे कुणाला नावं ठेवू नका, आणि वेळेवर पोचा.

विमान आदल्या दिवशी जवळच्या दुसऱ्या शहरात उतरलं होतं; तिथून पकडलेली गाडी आठ पस्तीसला, म्हणजे आठ पस्तीसलाच पोचली. स्टेशन पाहून मला पहिली शंका आली. खांब असे की दोघांनी हात धरूनही कवेत येऊ नयेत, छत पाहायला मान मोडावी, आणि फरशी इतकी चकचकीत की माझी टोपी मला खालून दिसत होती. बाहेरच्या दारापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागली. दाराबाहेर आलो आणि थांबलो.

बाहेर गाव नव्हतं. रुंद रस्ता होता, ओळीत लावलेली झाडं होती, दूर कुठेतरी क्रेन होत्या आणि त्यांच्या मधे शेतं. टिटवाळ्याच्याही पुढे, खडवलीसारख्या आडगावाला कुणी राजवाडा बांधावा आणि त्याच्या दारावर मुंबई असं लिहावं, तसा प्रकार. खरं तर मला आधी कळायला हवं होतं. टिटवाळ्याच्या नव्या इमारतींच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं वाचतो. कमानीला रोमन खांब, आणि खाली 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं'. ती पाच मिनिटं कुठल्या वाहनाने हे कुणी सांगत नाही. जाहिरातीला हसणारा मी, आणि फसलो तेव्हा जाहिरातसुद्धा नव्हती. स्वतःच स्वतःला फसवलं होतं.

माहितीच्या टेबलावरच्या तरुणीने माझ्या मुलीच्या विद्यापीठाचा पत्ता पाहिला आणि फोनवर लिहून दाखवलं. मेट्रोने ऐंशी मिनिटं, दोनदा बदलून. टॅक्सीने चाळीस. घड्याळात आठ पन्नास झाले होते. म्हणजे टॅक्सीच, आणि तीही लगेच. टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे साठेक माणसं होती. गाड्या एकेक करून शिस्तीत येत होत्या. एकेका गाडीत एकच माणूस, फार तर दोघं बसत आणि उरलेल्या जागा तशाच रिकाम्या निघून जात.

ते मला बघवेना. आमच्याकडे शेअर रिक्षात मागे तीन बसल्याशिवाय चाक हलत नाही, आणि नियमात न बसणारा चौथा ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. एक जागा उरली तर ड्रायव्हर रांगेच्या बाजूने "एक सीट, एक सीट" ओरडत जातो आणि एकटा माणूस मागून पुढे येतो. त्याला कुणी घुसखोर म्हणत नाही. तेव्हा मीही निघालो पुढे. पांढरे हातमोजे घातलेल्या रखवालदाराने मला अत्यंत अदबीने परत माझ्या जागी आणून उभं केलं.

मग मी डोकं वापरलं. रोज शेअरने जाणाऱ्याला रांगेकडे पाहून कळतं कोण कुठे चाललंय. पिशवी सांगते, चपला सांगतात. रांगेत पुढून पाचव्या जागी माझ्याच वयाचं एक जोडपं होतं. त्याच्या नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या आणि तिच्या हातात फुलांचा भलामोठा गुच्छ होता. सकाळी नऊला एवढी फुलं घेऊन माणूस कुठे जाईल? मी फोनवर समारंभाचं आमंत्रण उघडलं, रखवालदाराची पाठ वळल्यावर पुढे गेलो आणि त्यांच्यासमोर धरलं. त्या गृहस्थांनी ते पाहिलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या फोनशेजारी धरला. वरचं लाल बोधचिन्ह तेच. ते रखवालदाराशी काहीतरी बोलले. रखवालदाराने दोन्ही आमंत्रणं तपासली आणि हातमोज्याने मला पुढे व्हायची खूण केली.

मी सवयीने पुढे बसलो, तेही अर्ध्या सीटवर, एका हाताने कडी धरून. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, सीट पूर्ण रिकामी असल्याचं बोटाने दाखवलं आणि पट्टा लावायला लावला. आठ अठ्ठावन्न.

मागून भाषांतर करणारा एक फोन पुढे आला आणि हिंदीत बोलला, "क्या आपकी संतान भी आज उपाधि से अलंकृत होगी?" ती हिंदी ऐकून मी सरसावून बसलो. सांगितलं, मुलगी, रसायन. त्यांचा मुलगा, पूल बांधायचं शास्त्र. तेही गावाकडून पहिल्यांदाच आले होते आणि स्टेशनवर उतरलं की शहर आलं असं त्यांनाही वाटलं होतं. हे ऐकून माझा जीव जरा भांड्यात पडला आणि जीभ सुटली. मी फोनमध्ये म्हणालो, "गाव इतकं लांब, आणि फरशी आरशासारखी. हा थाट कुणासाठी?"

फोनने ते त्यांना ऐकवलं. बाईंना हसू आवरेना. गृहस्थ फोन तोंडाजवळ धरून बराच वेळ बोलले, फोनने मात्र थोडक्यात सांगितलं, "ऐसे चार स्टेशनों का फर्श मैंने बिछाया है. क्या आप फिसले?"

"नहीं."

"तो ठीक है."

बाईंनी फोन त्यांच्या हातून काढून घेतला. "मेरे पति फर्श के जोड़ देखते रहे. नहीं तो हम कतार में सबसे आगे होते." गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. तीस वर्षांत माझ्या टोमण्यांना एकाही प्राचार्याने इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "पोचलात?"

"पोचतोय."

"म्हणजे नाही पोचलात."

"रस्त्यात आहे. गर्दी नाही."

"अहो, मग एवढा आवाज कसला?"

"फरशीवाल्यांच्या घरचं भांडण चाललंय," मी म्हणालो आणि ठेवून दिला. भांडण खरंच चालू होतं. बाई गुच्छाची रिबीन सोडत होत्या आणि गृहस्थ नको नको म्हणत होते. त्या कशालाच न जुमानता फुलांचे दोन वाटे करत होत्या. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवून नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. ते फोनने सांगितलं नाही, पण मला समजलं. रिबिनीचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या वाट्याच्या फुलांना बांधला.

विद्यापीठाच्या फाटकाशी नऊ सदतीस. फाटकापासून सभागृह पुन्हा तसंच लांब, हे मला आता नवीन नव्हतं. आम्ही तिघं पळालो. माझी एक चप्पल निघाली, ती फरशीवाल्यांनी उचलून आणली. आत शिरलो आणि मागे दार लागल्याचा आवाज आला.

मुलगी व्यासपीठावर आली तेव्हा मी उभा राहिलो. समारंभात उभं राहायची माझी पहिलीच वेळ. झगा तिलाही ढगळच होता.

बाहेर ती धावत आली. झग्याला डांबराच्या गोळ्यांचा वास नव्हता, एवढं मी तपासून घेतलं.

"दार लागेपर्यंत मी तिकडेच बघत होते," ती म्हणाली. "मेट्रोने आलात?"

"शेअरने."

"इथे शेअर नसतं, बाबा."

"आज होतं."

ती माझ्या हाताकडे पाहत होती. गुच्छ म्हणजे पैशांचा चुराडा, हे माझं म्हणणं तिने लहानपणापासून ऐकलेलं. "आणि ही?"

"तीही शेअरनेच."